भरवशाचा भाव

गोल्फ क्लबच्या कोचचं मैदानाला लागूनच छोटंसं दुकान होतं. दाताचे डॉक्टर खेळ शिकायला येऊ लागले, तेव्हा कोचने त्यांच्या उंचीला नि पकडीला शोभेल असा स्टिकचा सेट निवडून पुढे ठेवला.

"विद्यार्थ्याकडून नफा घेत नाही मी. खरेदीच्याच भावात न्या."

डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. "एवढा स्वस्त? ओरिजिनलच आहे ना?" असं विचारून ते हात हलवत निघून गेले. कोचच्या ते जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात बाजारातल्या मोठ्या शोरूममधून कोचला फोन आला. कुणी गिऱ्हाईक तशाच सेटसाठी कोचच्या भावाच्या दीडपट पैसे भरून गेलं होतं, पण नेमका तो सेट त्यांच्याकडे संपला होता. कोचने आपल्याकडचा पुसून पाठवून दिला.

रविवारी तोच सेट खांद्यावर मिरवत डॉक्टर मैदानावर हजर झाले.

"बघा कोच, अस्सल माल! हातात घेतल्या घेतल्या फरक कळतो."

कोचने आपला सेट लगेच ओळखला. "फरक आहे खरा," असं म्हणून त्याने मान डोलावली.

 

आता कोच सगळ्यांना शोरूमचाच भाव सांगतो, आणि "माणूस एकदम भरवशाचा" अशी ग्वाही स्वतः डॉक्टर देतात.