तिसरा अभ्रा

"आधी भिंतीकडचे कोपरे खोचायचे, ताई. नाहीतर सगळं परत करावं लागतं," धाकटी म्हणाली आणि गुडघे टेकून पलंगावर चढली.

पलंग कसला, कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाला कायमचा ठोकून बसवलेला कोनाडा. तीन बाजूंनी भिंती, चढाउतरायला एकच कड. त्या कडेलाही पायाकडचा कोपरा तिरका कापलेला, कारण तिथूनच दाराकडे जायची वाट. चादर घालायची तर रांगत पार आत जायचं, कोपरे खोचायचे आणि आपणच सारखी केलेली चादर न चुरगळता मागे मागे सरकत यायचं. ताईने आयुष्यात शेकडो अंथरुणं घातली असतील, पण या कसरतीने तिचे गुडघे बोलायला लागले.

ती धाकटीला न्यायला आली होती. आईचं ऑपरेशन होतं, चार दिवस लेक जवळ हवी होती. धाकटीचा नवरा खडीच्या खाणीवर मेकॅनिक. हे चाकांवरचं घरही खाणीनेच दिलेलं, उघड्या माळावर उभं. नजर पोचेल तिथवर दुसरं घर नाही, नुसती धारदार खडी. एवढ्या आडरानात राहणारा माणूस आडमुठा असेल, अशी ताईला धास्ती होती. पण तो हसून म्हणाला, "न्या की. मी कुठे नाही म्हणतोय? तेवढं अंथरूण बदलून जाऊ दे तिला." धुतलेली चादर, अभ्रे, सगळं त्याने आधीच काढून ठेवलेलं होतं. मग पाना घेऊन तो बाहेर गेला. आपण उगीच मनात काहीबाही आणलं, म्हणून ताईने स्वतःलाच टोकलं.

अभ्रे तीन होते. एखादा जास्तीचा असेल, असं तिला वाटलं.

"तू कुठल्या बाजूला झोपतेस गं?"

"आत."

ताईचा हात थांबला. ही पोरगी लहानपणापासून दाराशी झोपणारी. मधे घातलं तर जीव घुसमटतो म्हणून घर डोक्यावर घ्यायची. पायाला तर भिंगरी लावलेली, वर्षाला चपलांचे किती जोड झिजवायची त्याला गणती नव्हती.

"तुला चालतं?"

"कडेला ते झोपतात. त्यांची झोप फार सावध आहे." धाकटीने हे अगदी कौतुकाने सांगावं तसं सांगितलं.

"आणि रात्री उठायचं झालं तर?"

"त्यांना उठवावं लागतं." तिने अभ्रा उलटा करून झटकला. "म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. सवय होते, ताई."

चादर ओढत ताई कापलेल्या कोपऱ्याशी आली. चौकोनी चादर आणि तिरकी गादी, कशी बसणार? खोचली की सुटत होती. शेवटी वैतागून तिने गादीच वर उचलली. खाली लाकडी पट्ट्या होत्या, जागच्या जागी स्क्रूने आवळलेल्या. स्क्रू नवे दिसत होते. पट्ट्यांच्या फटींतून खालचा सामानाचा खण दिसत होता आणि त्यात धाकटीच्या चपला. सगळ्या. लग्नातले सोनेरी सँडल, ताईनेच दिलेले पावसाळी बूट, घरात घालायच्या रबरी स्लिपरसुद्धा. पुसून, ओळीने लावलेल्या. फटीतून बोट जेमतेम जात होतं.

"अगं, या इथे कशाला?"

"कुत्री पळवतात म्हणे."

"कुठली कुत्री? वाटेत एक दिसलं नाही मला."

धाकटीने उशी थोपटून सारखी केली. "खणाला बाहेरून झाकण आहे. किल्ली त्यांच्याकडे असते. मागितलं की काढून देतात ते."

"कधी मागितलंस?"

धाकटीने दुसरी उशी ओढून घेतली. ताईने गादी खाली टाकली आणि तिचा दंड धरला. "राहू दे ते अंथरूण. अशीच चल. ऊठ."

"कोपरा राहिलाय ना गं."

तेवढ्यात त्यांच्या गुडघ्यांखाली काहीतरी खडखडलं. पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, काहीतरी आत सरकवल्याचा, आणि मग किल्ली फिरल्याचा. धाकटीचे हात क्षणभर थबकले आणि पुन्हा चादर सारखी करू लागले. ताई खाली उतरली, तिने दार उघडून पाहिलं. आत येताना तिने पायरीवर चपला काढल्या होत्या. पायरी रिकामी होती. माळावर खडी उन्हात चकाकत होती.

तिने परत येऊन गादी उचलली. ओळीच्या शेवटी तिच्या चपला होत्या. वाटेची धूळ अजून तशीच होती.

तो हात पुसत दारात आला.

"माझ्या चपला द्या," ताई म्हणाली. आवाज जेवढा चढवायचा ठरवला होता तेवढा चढला नाही.

"देतो की, ताई. मी कुठे नाही म्हणतोय?" तो हसला आणि वाकून गादीकडे बघू लागला. "अंथरूण नीट झालं की लगेच देतो. तो कोपरा बघा, सुटलाय अजून."

ताईने मागे वळून पाहिलं. धाकटीने तिसऱ्या उशीला अभ्रा चढवला होता, आणि रांगत जाऊन ती उशी भिंतीकडे, अगदी आत, ठेवत होती.