पावली

टाळावर टाळ पडला आणि पार्वतम्मांनी उजवं पाऊल पुढं टाकलं. शिवनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस, सकाळचं प्रसादाचं कीर्तन. मुखेडकडच्या त्या गावात महाराजांच्या मागं पुरुषांच्या बरोबरीनं बायांची ओळ उभी राहिली, ती याच वर्षी पहिल्यांदा.

"आज कुणी बसलं, तर पुढच्या साली बायांची ओळ न्हाई," टाळकऱ्यांचे म्होरके रेवणप्पा यांनी सकाळीच बजावलं होतं. कुणी म्हणजे कोण, हे साऱ्या मंडपाला ठाऊक. परवा ऐन रंगात पार्वतम्मांच्याच पोटरीत गोळा आला होता आणि त्या मटकन खाली बसल्या होत्या.

आज लुगड्याच्या आत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, घट्ट काळे मोजे होते. पोलीस भरतीसाठी पळणारी नात शिवानी हिचे. पहाटे चढवताना ती ओरडलीच, "अव्वा, खालून कापलेस व्हय गं?"

"पोटरी तुझ्या मोज्याची. तळवा महादेवाचा."

शिवानी हसली. "पण ह्यानं पायाला पंख फुटत न्हाईत बरं. पोटरी आवळून धरतंय, थरथर कमी व्हती. दमणार तू हायसच, जरा उशिरानं."

"महाराज आटपेपर्यंत उशीर झाला की बास."

तास गेला. दोन्ही ओळी समोरासमोर आल्या तेव्हा रेवणप्पांची नजर खाली गेली. "देवापुढं मोजे घालून, पार्वतम्मा?"

ठेका न चुकवता पार्वतम्मांनी निऱ्या चार बोटं उचलल्या. अनवाणी तळवे, बोटात जोडवी, आणि घोट्याशी पांढऱ्या दोऱ्यानं दुमडून शिवलेली काळी कड. रेवणप्पांनी टाळ जोरात आपटला आणि पाऊल मागं घेतलं.

मग मृदंगानं लय वाढवली. "शिव हर, शिव हर!" पोटऱ्या भिजल्या पोत्यासारख्या जड झाल्या. गोळा आता येतो, मग येतो, असं वाटत राहिलं. पण तो आला नाही.

"बसू नगं गं माय," शेजारची गुणाबाई पुटपुटली.

"कोण बसतंय?"

बसलं ते दुसरंच कुणी. पुढं धपकन आवाज झाला. रेवणप्पा डावी पोटरी धरून खांबाला टेकले होते. मृदंगाचा हात अडखळला. कुणाच्या पावलावर पाऊल टाकायचं, ते ओळींना उमगेना. वेदनेनं डोळे मिटलेले रेवणप्पा टाळ उंचावून ओरडले, "पार्वतम्मा, म्होरं व्हा!"

पार्वतम्मा म्होरं झाल्या. एक पाऊल पुढं, एक मागं, एक गिरकी. आधी बायांची ओळ, मग पुरुषांची, त्यांच्या पावलाला जुळत गेली. महाराजांनी मागं वळून पाहिलं आणि संपत आलेला गजर पुन्हा नव्यानं उचलला.

खांबाशी शिवानी रेवणप्पांची पोटरी चोळत बसली. त्यांची नजर मात्र पुढच्या त्या अनवाणी पावलांवरून हलेना.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "गड्यामाणसाच्या मापाचे येतेत का गं हे?"

"येतेत की, आप्पा. पण खालून कापावे लागतील."

"सांग तुझ्या अव्वाला, पुढच्या सप्त्यापर्यंत माझ्याबी मोज्याची कड शिवून दे म्हणावं."