खिडकीशी खुर्ची

सासूबाई परदेशी आमच्याकडे महिनाभर राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेकीचं कपाट आवरून दिलं, अगदी तळाच्या खणापर्यंत. मग हाताला काम उरलं नाही, म्हणून खुर्ची खिडकीशी ओढली. इथं खिडक्यांना पडदे लावायची पद्धत नाही. समोरचं घर ताटात वाढून ठेवल्यासारखं दिसायचं.

जेवताना आम्हाला बातम्या मिळू लागल्या. "समोरच्या नवराबायकोचं बिनसलंय. तो कालपासून सोफ्यावर झोपतोय. म्हातारीला कवळी आहे, बरं का."

"आई, इथं कुणी पडदे लावत नाही, कारण कुणी बघत नाही," बायको म्हणाली.

"मी कुठं बघते? मी नुसती बसते. दिसतं त्याला मी काय करू?"

आठवड्याभरात समोर पडदा लागला. सासूबाईंनी खुर्ची दुसऱ्या खिडकीशी नेली, तर त्या बाजूलाही पडदा लागला. मग त्या संध्याकाळी फिरायला जाऊ लागल्या, घरोघरी थबकत. त्यांची निघायची वेळ आली तोवर गल्लीत एकही काच उघडी राहिली नव्हती.

विमानतळावर त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, देश छान आहे हो. पण माणसं घुमी. सगळं मेलं झाकून ठेवतात."

आम्ही घरी परतलो तेव्हा समोरची बाई पडदा उतरवून त्याची घडी घालत होती. बायकोनं नजर वळवली आणि महिनाभर पर्समध्ये बाळगलेली कपाटाची किल्ली परत कपाटाला लावून ठेवली.