जादूघरातले दोन गोल

"गोल बघा अन् निघा. बाकी कशाला हात लावायचा न्हाई," कुलूप काढता काढता पहारेकरी नागनाथनं बजावलं.

चतुराबाईनं मान हलवली. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांमागची ही फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळातल्या साहेबांची बंद लॉज, गावाच्या तोंडी जादूघर. तिच्या नवऱ्यानं, बन्सीधरनं, इथं तीस वर्षं झाडलोट केली. आतलं बाहेर सांगायचं नाही ही शपथ घेतली आणि पाळली. गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हा मात्र जन्मभर गप्प.

एकच गोष्ट त्यानं बायकोला सांगितली होती. "आत दोन खांब हायत, वर गोल हायत. आपला योगीराज जिथं हाय, तिथं मी रोज बोट ठेवतो."

योगीराज नऊ वर्षांमागं जहाजावर नोकरीला गेला. समुद्रात फोन लागत नाही म्हणे. पत्रं यायची ती लॉजच्या पत्त्यावर. बन्सीधर खिडकीकडं तोंड करून ती वाचून दाखवायचा. मध्येच त्याचा आवाज बसायचा. बापाचं काळीज, दुसरं काय! आजी गेली तेव्हा लहानग्या योगीला खांद्यावर घेऊन त्यानंच आभाळ दाखवलं होतं, "ती बघ, तुझी आजी चांदणी झाली."

या दिवाळीत बन्सीधर गेला आणि पत्रं थांबली. ट्रंकेत जुनंही एक सापडलं नाही. बाप गेल्याचं पोराला कळवायचं कुठं? चतुराबाईला घास गिळवेना. शेवटी शेजारच्या शिकलेल्या राजेश्रीला घेऊन ती इथं आली.

आत भरदुपारी गारठा होता. काळ्यापांढऱ्या फरशीवर पावलं वाजली की मागून आणखी कुणी चालल्यासारखं वाटायचं. चतुराबाई दोनदा वळली. चाल ओळखीची होती. दाराआड बन्सीधरचा झाडू अजून तसाच होता.

राजेश्री स्टुलावर चढली. पहिल्या खांबावर पृथ्वी होती. धूळ पुसून तिनं ती सगळी फिरवली. समुद्र निळे, देश जिथल्या तिथं.

"खूण कुठंच न्हाई, मावशी."

"कसं न्हाई? ते खोटं बोलायचे न्हाईत. दुसरा बघ."

दुसऱ्या गोलावर बोटाच्या पेराएवढा रंग झिजून पार पांढरा पडला होता. खालून चतुराबाईला दोन्ही गोल निळेच दिसत होते, पण ती खूण दिसली. किती तरी दिवसांनी तिला हसू फुटलं.

"सापडला गं माझा योगी! वाच लवकर, कोणता देश हाय?"

राजेश्रीनं गोल एकदा फिरवला, पुन्हा उलटा फिरवला.

"वाच की पोरी."

"मावशी, ह्याच्यावर देश न्हाईत. नुसत्या चांदण्या हायत."