सातवी आई

“नाव सांग, नाहीतर प्रबंध उचल आणि चालू लाग,” प्राध्यापक नुसरतुल्लो म्हणाले.

फरांगीस उभीच राहिली. तीन वर्षं तिनं खुजंद शहराच्या गल्ल्या तुडवल्या होत्या. सीरियात लढायला गेलेल्या सात मुलांच्या आयांना भेटली होती. आज तिच्या पदवीचा फैसला होता.

“सहा जणींची नावं आधीच पोलिसांच्या यादीत आहेत, उस्ताद. सातवीचं नाही. मी तिला शब्द दिलाय.”

“शब्द! म्हणजे ही बाई तू घरी बसून रचलीस.” उस्ताद हसले. बाकीचे परीक्षकही हसले. उस्ताद विभागप्रमुख होते; ते हसले की हसायचं, एवढं राजकारण बाकीच्यांना पक्कं येत होतं.

उस्तादांचा सिद्धांत तीन देशांत शिकवला जाई. अतिरेकी संघटना म्हणजे छोटं राज्यच. बलवानाशी जुळवून घेते, दुबळ्याला गिळते. लढणारी माणसं म्हणजे सोंगट्या.

“संघटना कोणाशी हातमिळवणी करते, ते यातून कळतं,” फरांगीस म्हणाली. “पण घरातला मुलगा भरल्या ताटावरून का उठून जातो, ते यात कुठंय?”

“आणि तुझ्याकडे काय आहे? हे?” त्यांनी तिसऱ्या आईच्या घरचा फोटो टेबलावर आपटला. भिंतीवर टांगलेला नान, एक घास चावलेला. “लांबच्या प्रवासाला निघालेला मुलगा एक घास चावतो, उरलेला परतल्यावर खातो. अर्धं खुजंद मॉस्कोत विटा उचलतंय. घरोघरी उष्टा नान टांगलाय, माझ्याही घरी आहे! लिही मग अर्ध्या खुजंदवर! आणि सातव्या घरात म्हणे भिंतभर पुस्तकं. शिकलेल्या घरातली मुलं जात नाहीत, पोरी.”

“जातात, उस्ताद. बापाला बोलायला वेळ नसला की जातात.”

उस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “शेवटचं विचारतो. नाव?”

फरांगीसचे डोळे भरले होते, पण ते संतापानं. “नाही.”

त्यांनी लाल पेनानं ‘नामंजूर’ लिहिलं. पोरीची तीन वर्षं धुळीला मिळवली आणि वर स्वतःसाठी चहा मागवला.

घरी शुर्बो, मटणाचा पातळ रस्सा, गरम होता. बायको, सालोमत, वाडग्यात वाढत होती. मागच्या भिंतीवर त्यांच्या बेहरूझचा नान होता, दोन वर्षांपूर्वी मॉस्कोला कामाला निघताना त्यानं चावलेला. विभागातलं काही घरी बोलायची उस्तादांना सवय नव्हती. आजही ते मुकाट्यानं जेवायला बसले.

“त्या पोरीला नापास केलंत?” सालोमतनं विचारलं.

त्यांचा चमचा थांबला. “कोणत्या पोरीला?”

“फरांगीसला. तिनं नाव नाही ना सांगितलं?”

“नाही. पण तुला कसं...”

“सांगितलं असतं,” सालोमत नानकडे बघत म्हणाली, “तर आत्ता पोलीस आपल्या दारात असते.”