पंच्याऐंशीच्या आत

“बसायचं नाही, भावजी. उठा!”

टेकडीच्या दुसऱ्या वळणावर धाकटा दगडावर टेकला होता. थोरली त्याच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि सगळ्या घरात जुळणारं माणूस एकच निघालं होतं, ते म्हणजे नवऱ्याचा हा खादाड भाऊ. डॉक्टरांची अट होती, वजन पंच्याऐंशीच्या आत हवं आणि ऑपरेशनपर्यंत तिथेच टिकायला हवं.

बावीस किलो उतरवले तेव्हा सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. टिकवताना मात्र गाडं घसरलं. महिन्याभरात चौऱ्याऐंशीचे सत्त्याऐंशी झाले आणि शेवटची तपासणी आता चार दिवसांवर आली होती.

“काल काय खाल्लंत?”

“आईने दिलं तेवढंच. उकडलेल्या भाज्या आणि सूप. विचारा तिला.”

“त्यांना काय विचारायचं? त्या बिचाऱ्या घास न् घास तोलून वाढतात.”

“मग हवा खाऊन फुगतोय मी!”

“चोराच्या उलट्या बोंबा.”

तिने त्याची सॅक उलटी केली. पाण्याची बाटली आणि टॉवेल पडला. मग तिने त्याला खिसे बाहेर काढायला लावले. तेही रिकामे निघाले. तरी तिची खात्री हलेना. हा घाबरलाय, तोंडावर नाही म्हणायची छाती नाही, म्हणून चोरून खातोय. तिला त्याची किळस आली.

“सख्खा भाऊ मरणाच्या दारात आहे आणि तुम्हाला जीभ आवरत नाही.”

“तोंड सांभाळा, वहिनी. दिवसातून दोनदा ही टेकडी चढतोय मी. गुडघ्यांची पार वाट लागलीय.”

“ढोंग पुरे. चला!”

तपासणीच्या दिवशी काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. नवऱ्याच्या हातात तेवढे दिवस नाहीत, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

धाकटा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडायला लागला. आता गळा काढून काय उपयोग, असं त्याला ऐकवून ती एकटीच रिक्षात बसली.

घरी सासूबाई भांडी घासत होत्या. थोरलीने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर तोंड सोडलं.

“आई, तुमच्या धाकट्याने केसाने गळा कापला हो आपला. चोरून खात होता तो. मी त्याला जन्मात माफ करणार नाही.”

सासूबाईंनी नळ बंद केला. पदराला हात पुसले.

“त्याला काही बोलू नकोस. त्याच्या सुपात रोज वाटीभर लोणी मीच घालत होते. एक तर हातचा जातोच आहे, दुसराही कापायला देऊ?”