मंगळवारचा कप्पा

"जर्मनीत नोकरी हवी ना? मग वर्षाचे आठ हजार भरून हे ॲप घ्या. शब्द तेच पाठ करून घेईल," जाहिरातीची पत्रकं वाटत क्लासचे सर म्हणाले.

नर्स असलेल्या यमुनाने पर्समधून आठवड्याच्या गोळ्यांची डबी काढली. सात कप्प्यांत गोळ्यांऐवजी शब्दांच्या चिठ्ठ्या होत्या. "चुकलेला शब्द उद्याच्या कप्प्यात, आलेला चार दिवसांनंतरच्या. माझं यावर भागतं, सर."

वर्ग हसला. सर चिडून एकेक शब्द विचारत सुटले. जखम, ताप, सुई... सगळ्यांचं जर्मन तिने सांगितलं. 'कावीळ'ला मात्र अडली.

"बघा. आता तरी घेणार?"

तिने ॲपच्या पत्रकाचा कोपरा फाडला, मागच्या कोऱ्या बाजूला 'कावीळ' लिहिलं आणि चिठ्ठी मंगळवारच्या कप्प्यात टाकली.

"उद्या विचारा."